‘घरात तसलं काही नाही’ : एका जोडप्याच्या प्रकरणाचा अभ्यास

जोडप्यांच्या समुपदेशनात विश्वासघाताचा विषय निघाला की बहुतेक वेळा मधे तिसरी व्यक्ती असते, नाहीतर पैसा. या प्रकरणात दोन्ही नव्हतं. निकोटीनच्या च्युइंगगमची पाकिटं होती, ती फोडून खाल्लेला कुत्रा होता, आणि डॉक्टरांनी सरळ विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं एक खोटं उत्तर होतं. ‘कुत्र्यावरून कुणी संसार मोडतं का?’ असं म्हणून नातेवाइकांनी विषय उडवून लावला होता. कुत्रा वाचला होता, नवऱ्याने माफी मागितली होती, आणखी काय हवं, असा एकूण सूर. मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटलं ते वेगळ्या कारणाने. गुपित ठेवणं, खोटं बोलणं आणि ऐन वेळी गप्प बसणं या गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधतो. इथे त्या सुट्या सुट्या दिसल्या, आणि कशाने किती दुखावलं तेही वेगवेगळं मोजता आलं.

दोघांच्या लेखी संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या दोघांना नावं देत नाही. कुत्र्याला मात्र नाव हवं, म्हणून त्याला इथे बंड्या म्हणते.

आधीचं थोडंसं

लग्नाला नऊ वर्षं झालेली, मूल नाही. बंड्या सहा वर्षांचा, नऊएक किलोचा, लहान चणीचा. तिचे वडील फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. आयुष्यभर सिगारेट ओढणारा माणूस, आणि शेवटचे काही महिने तिनेच त्यांचं सगळं केलं होतं. नवराही तेव्हा ओढायचा. सासरे गेल्यावर त्याने सोडली. ‘आता या घरात पुन्हा हे नको’ असं ती म्हणाली आणि त्याने मान्य केलं. शपथबिपथ काही नाही. पण तिच्या लेखी ते वचन होतं.

दीड वर्षाने त्याची सिगारेट पुन्हा सुरू झाली. यात नवल काही नाही. तंबाखू सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांना एकापेक्षा जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो, आणि सोडून बरेच महिने झालेला माणूसही पुन्हा घसरतो. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या कुणालाही ही रोजची गोष्ट. त्याने ते घरी सांगितलं नाही. तिला वास येऊ नये म्हणून तो बंड्याला फिरवायला नेण्याच्या वेळी ओढू लागला. पूर्वी वीस मिनिटांत आटपणारी फेरी चाळीस मिनिटांची झाली. नवऱ्याला कुत्र्याचा किती लळा आहे, हे ती मैत्रिणींना कौतुकाने सांगायची.

मग त्याने चोरूनच सोडायचाही प्रयत्न सुरू केला. निकोटीनचा गम आणला, दोन मिलीग्रॅमच्या गोळ्या, फॉइलच्या पट्ट्यांमधल्या. तो ऑफिसच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात राहायचा. म्हणजे ज्या वस्तूवरून पुढे सगळं उघडकीला आलं ती वस्तू त्याच्या बऱ्या हेतूची होती. हे तिलाही नंतर कळलं, आणि त्याने तिला बरं वाटण्याऐवजी जास्तच राग आला. ‘चांगलं करत होता तर तेही लपवलं?’

ती संध्याकाळ

तो साडेसहाच्या आधी घरी आला. बॅग सोफ्याशी टाकली आणि आंघोळीला गेला. ती आठला पोचली. पावणेनऊच्या सुमारास बंड्याला उलटी झाली, मग तोंडातून लाळ, मग मागचे पाय भलतीकडे पडू लागले. ती त्याला उचलून गाडीत बसली, तो गाडी चालवत होता. दवाखान्याच्या टेबलावर बंड्याला झटका आला.

डॉक्टरांनी पहिल्यांदा रक्तातली साखर पाहिली. मीटरवर ४१ आलं. कुत्र्यांमध्ये साधारण ७० ते १२० मिलीग्रॅम प्रति डेसिलीटर हा आकडा सर्वसामान्य. त्यांनी शिरेतून डेक्स्ट्रोज दिलं, झटका थांबला, बंड्याने डोळे उघडले. तेव्हा डॉक्टरांनी दोघांकडे बघून विचारलं: काही खाल्लं का याने? साखर नसलेला च्युइंगगम, मधुमेहाच्या गोळ्या, कुणाचं इन्सुलिन, उंदराचं औषध?

ती म्हणाली, नाही. ती खरंच बोलत होती.

तो म्हणाला, “नाही. घरात तसलं काही नाही.”

डॉक्टरांचा प्रश्न नेमका होता आणि त्याला कारण होतं. साखरेऐवजी वापरतात त्या झायलिटॉलने माणसाच्या शरीरात इन्सुलिन फारसं हलत नाही. कुत्र्याच्या स्वादुपिंडाला मात्र ती साखरच वाटते, तेही भरमसाट. इन्सुलिनचा लोट येतो आणि अर्ध्यापाऊण तासात रक्तातली खरी साखर कोसळते. गमच्या बाबतीत तो चावला की अख्खा गिळला यावर हे अवलंबून असतं, त्यामुळे कधी कधी लक्षणं बारा तासांपर्यंतही लांबतात. मात्रा जास्त असेल तर पुढच्या एकदोन दिवसांत यकृताला इजा होते. यावर उतारा म्हणून कुठलंही औषध नाही. साखर चढवत राहायची आणि यकृतावर नजर ठेवायची, एवढंच हातात. निकोटीनच्या अनेक गममध्ये गोडीसाठी हेच झायलिटॉल असतं, म्हणजे बंड्याच्या पोटात एकाच वेळी दोन विषं गेली होती. निकोटीनने उलटी, लाळ, धडधड, थरथर, झायलिटॉलने झटका. (जाता जाता: वेष्टणावर ते ‘ई ९६७’ किंवा ‘बर्च शुगर’ अशा नावांनीही येतं. टूथपेस्ट आणि माउथवॉशमध्येही असतं. कुत्रा पाळणाऱ्यांनी एकदा घरातली वेष्टणं वाचावीत.)

‘नाही’ हे उत्तर मिळाल्यावर डॉक्टरांना दुसऱ्या वाटा धुंडाळणं भाग होतं. प्रौढ कुत्र्याची साखर अशी अचानक का उतरते? स्वादुपिंडाची गाठ, यकृताचा जुना आजार, अधिवृक्क ग्रंथींचा अ‍ॅडिसन रोग, रक्तात पसरलेला संसर्ग. त्यांनी तपासण्यांची यादी केली, दुसऱ्या दिवशीची सोनोग्राफी ठरवली. गाठीची शक्यता सांगितल्यावर ती रडायला लागली. नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. पुढे कित्येक आठवडे ती त्या हाताबद्दल बोलत राहिली. डॉक्टरांना दिलेल्या उत्तरापेक्षा तिला तो हात जास्त लागला होता. आपण कशासाठी रडतोय ते खोटं आहे हे ज्याला ठाऊक आहे, तोच आपलं सांत्वन करतोय.

बाराच्या सुमारास साखर सावरली. घरी न्यायचं का, असा विषय निघाला. डॉक्टरांचं मन तयार होईना, त्यांनी रात्रभर ठेवून घेतलं. ते बरंच झालं, कारण तीन वाजता साखर पुन्हा उतरली. पहाटेच्या उलटीत कंपाउंडरला फॉइलचा नखाएवढा तुकडा सापडला. सकाळी डॉक्टरांनी तो धुऊन, गॉझच्या चौकोनावर ठेवून तिला दाखवला. एका कडेला दातांची घडी पडलेली, आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट छापील अक्षरं: ‘२ मि’. त्यापुढचं फाटलेलं. ‘हे कुठल्या तरी गोळ्यांचं आहे’, डॉक्टर म्हणाले. ‘घरात बघा.’

तिने घरी येऊन बघितलं. बॅगेच्या आतल्या कप्प्यात उरलेली पट्टी होती, आणि त्यावर तीच अक्षरं पूर्ण होती.

हप्त्याहप्त्याने आलेलं सत्य

प्रकरणाचा खरा गाभा इथे आहे.

बॅग समोर ठेवल्यावर तो पहिल्यांदा म्हणाला, ऑफिसातल्या एकाचा गम आहे, चुकून माझ्याकडे आला. दुपारपर्यंत ते बदललं: माझाच आहे, मी सोडायचा प्रयत्न करतोय, अधूनमधून एखादी ओढायचो. दोन दिवसांनी, बंड्या घरी आल्यावर: अधूनमधून नाही, रोज; पण त्याने गम खाल्लाय हे मला खरंच माहीत नव्हतं. ही तिसरी आवृत्ती टिकली. तिच्यावर दोघांनी महिनाभर संसार ढकलला. त्याने माफी मागितली, फुलं आणली, सिगारेट टाकली. तिने माफ करायचा प्रयत्नही केला.

मग एकदा त्याच्या मोबाइलवर काहीतरी शोधताना तिला जुन्या शोधांची यादी दिसली. त्या संध्याकाळी, सहा वाजून पन्नास मिनिटांनी: ‘कुत्र्याने निकोटीन गम खाल्ला तर’.

म्हणजे आंघोळ करून बाहेर आल्यावर त्याने फाटलेल्या पट्ट्या पाहिल्या होत्या. गोळा करून बाहेरच्या कचरापेटीत टाकल्या होत्या. शोध घेतला होता, धोका आहे हे वाचलं होतं. आणि ती घरी आल्यावर दार उघडून विचारलं होतं, ‘आज उशीर झाला?’

ती माझ्याकडे आली ती यानंतर, आणि सुरुवातीला एकटीच.

खोटं बोलण्यावर ज्यांनी आयुष्यभर संशोधन केलं त्या बेला डिपॉलो यांचं एक निरीक्षण इथे चपखल बसतं. रोजची किरकोळ खोटी आपण जवळच्यांशी कमी बोलतो, पण गंभीर खोटं मात्र बहुधा जवळच्याच माणसाशी बोललं जातं. कारण सरळ आहे. ज्याच्या नजरेतून उतरण्याची भीती वाटते त्याच्याशीच ते बोललं जातं. परक्या माणसाला सिगारेटचं काय सांगायचं आणि काय लपवायचं!

अर्ध्या कबुलीबद्दलही एक संशोधन आहे, २०१४ सालचं, एयाल पीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. लबाडी थोडी कबूल करून थोडी दडवणाऱ्यांना, सगळी कबूल करणाऱ्यांपेक्षा आणि काहीच कबूल न करणाऱ्यांपेक्षाही जास्त वाईट वाटतं, असं त्यात दिसलं. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला. ‘प्रत्येक वेळी वाटायचं, एवढं सांगितलं की सुटलो. आणि रात्री झोप यायची नाही, कारण उरलेलं तिथेच होतं.’ वेळ मारून नेण्याची हीच तर गोम आहे. ती वेळ पुढे सरकते, मरत नाही.

ऐकणाऱ्याच्या बाजूने मात्र हप्त्यांचा हिशोब वेगळा असतो. त्याच्या मनात एकच अपराध, चार तुकड्यांत सांगितलेला. तिच्या मनात चार स्वतंत्र प्रसंग: चार वेळा तिने विश्वास ठेवला आणि चार वेळा ती मूर्ख ठरली. पहिल्याच सकाळी पूर्ण सांगितलं असतं तर? तिला विचारलं. ‘आठ दिवस बोलले नसते. मग बोलले असते.’ हे उत्तर मी त्याच्यासमोर पुन्हा द्यायला लावलं.

डॉक्टर काय म्हणाले, आणि त्याचा कसा वापर झाला

मधल्या काळात तिने डॉक्टरांना गाठून विचारलं होतं: आम्ही त्या रात्रीच सांगितलं असतं तर फरक पडला असता का? डॉक्टर प्रामाणिक माणूस. म्हणाले, उपचारात फारसा नाही. झटके येत असलेल्या कुत्र्याला उलटी करवत नाहीत, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. विष शोषून घेणारा औषधी कोळसा पाजला तरी झायलिटॉल त्याला नीट चिकटत नाही. साखर तर आम्ही चढवतच होतो. फरक पडला असता तो इतकाच, की यकृताच्या तपासण्या पहिल्या रात्रीपासून सुरू झाल्या असत्या, गाठीच्या दिशेने धावपळ झाली नसती, आणि घरी सोडण्याचा विचार आमच्या मनातही आला नसता.

नवऱ्याने यातलं पहिलं वाक्य उचललं. ‘डॉक्टरच म्हणाले, काही फरक पडला नसता.’ प्रत्येक भांडणात हे वाक्य येऊ लागलं.

त्या वाक्याला दोन बाजूंनी हात घालावा लागला. एक वैद्यकीय. दवाखान्यातल्या गप्प बसण्याने उपचार फारसे बिघडले नाहीत हे खरं. पण घरातल्या गप्प बसण्याने बिघडले. सहा पन्नासला बंड्याला काहीही झालेलं नव्हतं. तेव्हा फोन केला असता, दवाखाना गाठला असता, तर उलटी करवून बराचसा गम बाहेर काढता आला असता. मोलाचे ते दोन तास होते. डॉक्टरांना त्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं, कारण तेव्हा ते तिला माहीत नव्हतं. तो मात्र डॉक्टरांच्या उत्तराचा आधार घेत होता तेव्हाही, प्रश्नच अपुरा आहे हे त्याला ठाऊक होतं. हे मी बोलून दाखवल्यावर तो बराच वेळ खाली बघत राहिला.

दुसरी बाजू नैतिक. तत्त्वज्ञानात ‘नैतिक नशीब’ नावाची एक चर्चा आहे. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी १९७६ मध्ये ती सुरू केली. दोन माणसं सारखाच हलगर्जीपणा करतात, एकाच्या हातून अपघात होतो, दुसरा सुखरूप घरी पोचतो, आणि आपण पहिल्यालाच जास्त दोषी धरतो. बंड्या वाचला, म्हणून नवरा स्वतःला सुखरूप घरी पोचलेल्यांत धरत होता. ती त्याला पहिल्यांत धरत होती, कारण दारापासून दवाखान्यापर्यंतच्या त्या वाटेवर कुत्रा तिच्या मांडीवर मरतच होता. शेवटी काय झालं यावर दोघं भांडत राहिली असती तर जन्मभर भांडली असती. सहा पन्नासला तुला काय माहीत होतं आणि तू काय केलंस, एवढ्यावर दोघांना आणणं हे माझं अर्धं काम होतं.

ती काय घेऊन आली होती

ती पहिल्या भेटीत इंटरनेटवरून एक शब्द घेऊन आली: डार्व्हो. आधी नाकारायचं, मग समोरच्यावर उलटायचं, मग आपणच बळी असल्याचा आव आणायचा, या क्रमाचं हे नाव जेनिफर फ्राइड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ मध्ये दिलं. तिचं म्हणणं, नवरा हेच करतो. ‘तू अशी अंगावर येतेस म्हणूनच मी सांगत नाही’ हे त्याचं वाक्य त्यात बसत होतं, नाही असं नाही. पण ही संकल्पना मुळात अत्याचार करणाऱ्यांच्या वागण्यावरून पुढे आली आहे, आणि सापडल्यावर सारवासारव करणाऱ्या प्रत्येकाला ती डकवायला मी तयार नसते. लेबल एकदा चिकटलं की समोरच्याचं बोलणं ऐकायची गरजच उरत नाही. तिला ते आवडलं नाही. पुढच्या भेटीला ती थोडी तुटकच होती.

‘तू अंगावर येतेस’ यात तथ्य किती? होतं. तो सिगारेट सोडल्यावरही ती कित्येक महिने त्याच्या शर्टांचा वास घ्यायची. एकदा पार्टीहून आल्यावर दुसऱ्यांच्या धुराचा वास होता, त्यावरून तिने रात्र जागवली होती. वडिलांचं आजारपण तिच्या अंगात अजून होतं आणि त्याची किंमत त्याच्याकडून वसूल होत होती. घसरलो असं तिला सांगणं सोपं नव्हतं, हे तिनेही मान्य केलं. सिगारेट का लपवली याचं उत्तर त्यातून मिळतं. डॉक्टरांना ‘नाही’ का म्हणाला याचं मिळत नाही. एका कारणाच्या आडोशाने दोन्ही गोष्टी पार करायच्या, हे मी होऊ दिलं नाही. पहिल्या बाबतीत तिलाही बदलायचं होतं. दुसऱ्या बाबतीत तिच्याकडे काहीही येणं नव्हतं.

मग तो ‘नाही’ का म्हणाला? त्याच्याशी स्वतंत्र भेटीत हाच एक विषय झाला. घरी पट्टी सापडली तेव्हा त्याला वाटलं होतं, होईल थोडी उलटी, निघून जाईल. वाचलेल्या माहितीतलं जे सौम्य होतं ते त्याने धरलं, बाकीचं सोडलं. तासाभरात बंड्या ठीक दिसला, म्हणून तो निश्चिंत झाला. आणि दवाखान्यात प्रश्न आला तेव्हा ती शेजारी उभी होती. ‘ती दोन मिनिटं बाहेर गेली असती ना, तर मी सांगितलं असतं’, तो म्हणाला. हे मला खरं वाटलं. गुपितांवर काम करणारे मायकल स्लेपियन यांचं म्हणणं असं, की गुपित जास्त छळतं ते बोलताना लपवावं लागतं तेव्हा नव्हे, तर एकटं असताना मन त्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळतं तेव्हा. हा माणूस वर्षभर रोज चाळीस मिनिटं त्या गुपिताबरोबर चालत होता. प्रत्यक्ष विचारल्यावर तोंडातून ‘नाही’ इतक्या सहज आलं, कारण आतल्या आत त्याची रोज तालीम झाली होती.

जनावरांच्या डॉक्टरांसाठी मला यातून एक सुचवावंसं वाटतं. ‘आम्ही पोलीस नाही, जे असेल ते सांगा’ असं बरेच डॉक्टर म्हणतात, विशेषतः नशेच्या पदार्थांची शंका असेल तेव्हा. पण त्या क्षणी घरच्यांना पोलिसांची भीती नसते, एकमेकांची असते. दोघं आली असतील तर एकाला कागदपत्रं भरायला बाहेर पाठवावं आणि दुसऱ्याला विचारावं, मग उलट. नाहीतर ‘नंतर काही आठवलं तर या नंबरवर थेट मला फोन करा, कुणाकडून कळलं ते मी सांगणार नाही’ एवढं तरी म्हणावं. आणि ज्याला माहीत आहे पण जोडीदारासमोर जीभ उचलत नाही त्याने निदान पार्किंगमधून फोन करावा. घरात काय व्हायचं ते उद्या होईल.

काम कसं झालं

कामाचा मोठा भाग एका कागदात होता. त्याने त्या संध्याकाळचा पूर्ण हिशोब लिहून आणायचा, वेळेसकट, एकदाच, आणि त्यानंतर नवीन काही निघता कामा नये. ‘पण’ आणि ‘कारण’ हे शब्द त्यात नकोत, अशी अट मी घातली. पहिला मसुदा त्याने आणला तो माफीनामा होता. भावना खूप, माहिती कमी. दुसऱ्यात कचरापेटी नव्हती. तिसऱ्यात सगळं होतं. तिने आधीच आपले प्रश्न मला लिहून दिले होते, त्यामुळे त्याने काय टाळलं ते मला दिसत होतं.

वाचून झाल्यावर तिने यादीत नसलेला एक प्रश्न विचारला. शोध घेतल्यापासून मी येईपर्यंत तू काय करत होतास?

“टीव्ही लावला. बंड्या पायाशी येऊन बसला. मी त्याला वर घेतला नाही.”

का नाही, हे तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मीही मधे पडले नाही.

सिगारेटचा विषय मी मुद्दाम या खोलीबाहेर काढला. त्याला तंबाखूमुक्तीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे गमची मात्रा ठरली, तो साधारण बारा आठवड्यांत कमी करत आणायचा हे ठरलं. व्यसनाला व्यसनासारखं वागवावं, चारित्र्याच्या खात्यात घालू नये. घरासाठी एकच नियम ठेवला: ओढली तर चोवीस तासांच्या आत सांगायचं, आणि सांगितल्यावर तिने त्या दिवशी फक्त ‘ऐकलं’ म्हणायचं. चर्चा दुसऱ्या दिवशी. पहिल्यांदा त्याने सांगितलं तेव्हा ती ‘ऐकलं’ म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. नियम मोडला नाही. दुसऱ्यांदा दार उघडं राहिलं.

मोबाइल तपासू द्यायचा का, यावर आमचे मतभेद झाले. त्याने स्वतःहून पासवर्ड दिला होता आणि तिला तो हवा होता. मला ही पद्धत पटत नाही. रोज तपासणारा माणूस विश्वास ठेवायला शिकत नाही, तपासायलाच शिकतो, आणि ज्याला लपवायचंय तो मोबाइलवर लपवत नाही. तिचं म्हणणं, मला सत्य कळलं ते मोबाइलवरूनच. याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. तिने काही आठवडे तपासला, मग कंटाळून सोडलं.

बंड्याच्या यकृताचे आकडे तिसऱ्या दिवशी वाढलेले होते आणि पंधरवड्यात खाली आले. आता त्याला काही त्रास नाही. ऑफिसची बॅग उंच खुंटीवर जाते. फिरवायला दोघं आलटून पालटून नेतात, फेरी पुन्हा वीस मिनिटांची झाली आहे, आणि नवऱ्याला ते जरा अपमानास्पद वाटतं, असं त्याने सांगितलं. तिला ते समजतं पण ती बदलायला तयार नाही.

शेवटच्या भेटीत तिने एक गोष्ट सांगितली जी आधी कधी बोलली नव्हती. बंड्याच्या दवाखान्यातल्या कार्डावर तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा तिथे पूर्वी नवऱ्याचा नंबर होता. त्या आठवड्यातच तिने तो काढून बहिणीचा घातला होता. हळूहळू स्वतःच्या ऑफिसातल्या कागदांवरही तिने तेच केलं. ते परत बदलणार का, असं मी विचारलं. “इतक्यात नाही”, ती म्हणाली. त्याला हे तिथेच पहिल्यांदा कळत होतं. त्याने विचारलं, आणखी कुठे कुठे बदललंय? तिने आठवून आठवून सगळी ठिकाणं सांगितली.